नारिंगी टोक



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत रात्रिभोजनत्याग, मुलामुलींचे विवाह, वृद्धांची शुश्रूषा हे विषय वरचेवर असतात. या वेळच्या पत्राचा विषय मात्र या पानावर पूर्वी कधी आलेला नाही. मूळचे सांगली जिल्ह्यातील आणि आता कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले एक बंधू लिहितात, की त्यांच्या पंधरा वर्षांच्या चिरंजीवाने शिक्षणासाठी परगावी निघालेल्या एका मित्राकडून एअरसॉफ्ट खेळाची जुनी रायफल विकत घेतली. खेळाला आईवडिलांची संमती होती. पैसे मुलाने स्वतः साठवलेले होते. रायफल घरी आली तेव्हा दिसले, की आधीच्या मालकाने ती हिरव्या, मातकट आणि काळपट चट्ट्यापट्ट्यांनी रंगवली आहे. सैनिकांच्या गणवेशावर असतो तसा हा कॅमोफ्लाज. कागदातून पानांचे आकार कापून, त्यांवरून स्प्रेने रंग मारून मोठ्या हौसेने केलेले काम आहे. त्या हौसेत नळीच्या टोकाचा नारिंगी भागही रंगाखाली गेला आहे.

घरात चार मते पडली. मुलाला तो रंगच आवडला आहे. त्याच्यासाठीच आपण दोन पैसे अधिक मोजले, असे तो म्हणतो. आईचे म्हणणे, सगळी खरवडून काढून पिवळी-निळी करा, लांबूनही खेळणे आहे हे कळले पाहिजे. वडील मध्ये अडकले आहेत. मैदानावर सर्वांच्याच बंदुका अशा असतात, मग मुलाचे मन कशाला मोडावे, असे त्यांना वाटते. आणि सहा महिन्यांसाठी तिकडे गेलेल्या आजींनी स्पष्ट सांगितले आहे, की रंग कोणताही द्या, श्रावकाच्या घरात बंदुकीचा आकार नको. जिन्याखालच्या ज्या कपाटात ती ठेवली आहे, त्या कपाटातून त्यांनी आपली छत्रीसुद्धा बाहेर काढून घेतली आहे. बंधूंचा प्रश्न सरळ आहे: रंग बदलावा की राहू द्यावा?

ज्या वाचकांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एअरसॉफ्टचा उगम १९७० च्या दशकात जपानमध्ये झाला. तेथे सामान्य माणसाला खरे पिस्तूल बाळगणे जवळजवळ अशक्य. म्हणून हौशी लोकांसाठी हुबेहूब दिसणाऱ्या, पण दाबलेल्या हवेने प्लॅस्टिकची गोळी फेकणाऱ्या बंदुका तयार झाल्या. गोळीचा व्यास बहुधा ६ मिलिमीटर आणि वजन ग्रॅमच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. कातडीला चिमटा बसल्यासारखी ती लागते. डोळ्याला लागली तर मात्र डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा किंवा मुखवटा घातल्याखेरीज मैदानात कोणी पाऊल ठेवायचे नाही. झाडीच्या किंवा पडक्या इमारतींच्या राखीव जागेत दोन गट लपतात, शोधतात, नेम धरतात. आपल्या गल्लीतल्या लपाछपीचे आणि दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलाचे हे थोरले भावंड म्हणावे.

या खेळाचा एक विशेष फार थोड्यांच्या ध्यानात येतो. पेंटबॉल नावाच्या दुसऱ्या खेळात गोळी फुटून अंगावर रंगाचा डाग पडतो. कोण बाद झाला हे सर्वांना दिसते. एअरसॉफ्टच्या गोळीचा मागमूस राहत नाही. ती लागली हे फक्त ज्याला लागली त्यालाच कळते. त्याने स्वतः हात वर करून ‘मला लागली’ असे म्हणायचे आणि मैदानाबाहेर जायचे. न बोलता पुढे खेळत राहिला, तर त्याला पकडणे कठीण. म्हणजे बाहेरून हिंसेचे नाटक दिसणारा हा खेळ आतून खेळाडूच्या सत्यवचनावर उभा आहे. आजींना हे कोणी सांगितले नसावे.

हे वाचताना मला भरत आणि बाहुबली यांची आठवण झाली. दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी असता मंत्र्यांनी विचार केला, की दोघेही भाऊ चरमशरीरी. त्यांचे काही बिघडणार नाही, मरतील ती बिचारी माणसे. म्हणून दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध ठरले. रणाची जागा नियमबद्ध चढाओढीने घेतली आणि सहस्रावधी जीव वाचले. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणातील हा प्रसंग आपण कुंभोजगिरीच्या बाहुबलींसमोर मुलांना कौतुकाने सांगतो. त्या प्रसंगातील खरा अपराध चढाओढीचा नाही. तिन्ही वेळा हरल्यावर भरताने ‘मी हरलो’ म्हणण्याऐवजी चक्र सोडले, तेथे तो आहे. चक्राने बाहुबलींना इजा केली नाही, प्रदक्षिणा घालून ते थांबले, हा भाग निराळा. तेव्हा लुटुपुटीची झुंज म्हणजे धर्मभ्रष्टता, असे मी म्हणणार नाही. बंधूंनी खेळाला संमती दिली यात मला गैर दिसत नाही.

पण आजींच्या बाजूनेही एक कथा उभी आहे, आणि ती अधिक जड आहे. उज्जयिनीच्या यशोधर राजाची. दुःस्वप्नाच्या शांतीसाठी देवीला प्राण्याचा बळी द्यावा, असा आग्रह त्याच्या आईने धरला. राजा नाही म्हणाला. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याच्यावर शस्त्र चालवले. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरीही माय-लेकांना मोर, कुत्रा, मासा, बोकड, कोंबडा अशा योनींत भटकावे लागले. सोमदेवसूरींनी शके ८८१, म्हणजे इ. स. ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या यशस्तिलकाचा हा कथाविषय आहे, आणि संस्कृत, अपभ्रंश, कन्नड अशा अनेक भाषांतील जैन कवींना तो पुन्हा पुन्हा लिहावासा वाटला. पाठशाळेत ही कथा सांगून ‘म्हणून खोटी बंदूकही नको’ असा निष्कर्ष काढण्याची पद्धत आहे. मला तो घाईचा वाटतो. यशोधराच्या हातातला कोंबडा पिठाचा होता, पण मनातला संकल्प बळीचाच होता. या कोंबड्याच्या वधाने देवी प्रसन्न होवो, असे म्हणूनच त्याने घाव घातला. वस्तू नकली आणि भाव अस्सल. मैदानावर हात वर करून बाद होणाऱ्या आणि खेळ संपल्यावर एकमेकांना पाणी देणाऱ्या मुलांचा भाव तसा असतो काय? बहुतेकांचा नसतो. कोणाचा असू शकतो. ते त्याच्या आईवडिलांनी पाहावे. चेहऱ्यावर नेम धरण्यात, लहान मुलाला रडवण्यात ज्याला गोडी वाटू लागते, त्याच्या बाबतीत अपध्यान हा शब्द लागू पडतो, आणि मग रायफलचा रंग हा प्रश्नच उरत नाही.

तेव्हा खेळ क्षम्य मानू आणि रंगाकडे वळू.

कॅमोफ्लाजचे काम काय? वस्तूची बाह्यरेषा मोडणे. डोळा आधी कडा शोधतो. काठावरच चट्टे फुटले, की सलग आकार दिसेनासा होतो आणि पानांच्या गर्दीत वस्तू विरून जाते. ही फसवणूक आहे हे खरे. कोणी म्हणेल, मायाकषायच हा. परंतु बुद्धिबळातील सापळ्याला आपण माया म्हणत नाही, कारण समोरचाही सापळे लावायलाच बसलेला असतो. मैदानात उतरलेल्या प्रत्येकाने लपणे आणि लपवणे मान्य केलेले आहे. त्यांच्यापुरता तो रंग निर्दोष आहे.

नारिंगी टोकाचे काम नेमके उलट. ते दिसण्यासाठी असते, आणि खेळणाऱ्यांना नव्हे, तर ज्यांना खेळाची काहीच कल्पना नाही त्यांना. खिडकीतून पाहणारी शेजारीण, बाकावर बसलेले आजोबा, गस्तीच्या गाडीतील पोलीस. यांनी कोणीही खेळायला होकार दिलेला नाही. पाने सवंगड्यांसाठी आणि नारिंगी परक्यांसाठी, असे हे दोन रंगांचे काम आहे, आणि आधीच्या मालकाने पहिल्यासाठी दुसरे पुसून टाकले. बंधूंनी विचारलेल्या प्रश्नात माझ्या मते खरी गोष्ट एवढीच आहे.

अमेरिकेत नकली बंदुकांवर ओळखचिन्ह असावे असा केंद्रीय कायदा १९८८ मध्ये झाला. प्लॅस्टिकची गोळी फेकणाऱ्या एअरसॉफ्ट बंदुका त्याच्या नियमांत येतात. नळीच्या तोंडात नारिंगी बूच असावे किंवा टोकाभोवती किमान ६ मिलिमीटर रुंदीची कायमची नारिंगी पट्टी असावी. गोळीचा व्यास जेवढा, तेवढीच ही पट्टी. कॅलिफोर्नियाचा स्वतःचा नियम याहून कडक आहे आणि तो १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. लांब नळीच्या एअरसॉफ्ट बंदुकीला नारिंगी टोकाखेरीज घोड्याभोवतीची संपूर्ण कडी झगझगीत रंगाची असावी लागते; शिवाय मूठ, दस्ता आणि गोळ्यांचे मॅगझिन या तिन्हींपैकी कोणत्याही दोहोंवर दोन सेंटिमीटर रुंदीची झगझगीत पट्टी लागते. अशी आवश्यक चिन्हे पुसून बंदूक अधिक खरी दिसेल असे करणे हा तेथे गुन्हा आहे. नकली बंदूक सार्वजनिक जागी उघडी मिरवण्यासही मनाई आहे. म्हणजे जी वस्तू कपाटात आहे, तिची अवस्था आजच नियमाबाहेरची आहे. ती कोणी रंगवली हा प्रश्न दुय्यम.

हा कायदा का आला, हे त्या चिरंजीवाने वाचावे असे मला वाटते. कायद्याचे कलम पंधराव्या वर्षी डोक्यात शिरत नाही, माणसाची गोष्ट शिरते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस सांता रोझा नावाचे शहर आहे. २२ ऑक्टोबर २०१३ रोजी तेथे अँडी लोपेझ नावाचा तेरा वर्षांचा मुलगा एके-४७ सारखी दिसणारी एअरसॉफ्ट बंदूक हातात घेऊन रस्त्याने चालला होता. तिच्या टोकाला नारिंगी भाग नव्हता. गस्तीवरच्या अधिकाऱ्याला ती खरी वाटली आणि त्याने गोळ्या झाडल्या. मुलगा जागीच गेला. कॅलिफोर्नियाच्या नव्या नियमामागे ही घटना आहे.

पुढच्याच वर्षी, २२ नोव्हेंबर २०१४ रोजी, ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरात टामिर राइस हा बारा वर्षांचा मुलगा एका उद्यानात एअरसॉफ्टचे पिस्तूल घेऊन खेळत होता. पिस्तूल त्याचे नव्हते, मित्राकडून घेतलेले होते. मित्राने दुरुस्तीसाठी ते उघडले होते आणि नारिंगी टोक पुन्हा बसले नव्हते. पोलिसांना दूरध्वनी करणाऱ्या गृहस्थांनी, बंदूक बहुधा खोटी असावी आणि हातात धरणारा बहुधा लहान मुलगा असावा, असे सांगितले होते. ते शब्द गाडीतील पोलिसांपर्यंत पोचलेच नाहीत. गाडी थांबल्यापासून सुमारे दोन सेकंदांत गोळी सुटली. दुसऱ्या दिवशी टामिर वारला.

मित्राची वस्तू, निघून गेलेले टोक आणि आपल्या हातातील खेळणे खेळणेच आहे ही मुलाची खात्री, हे सारे या पत्रातही आहे. आणखी एक गोष्ट कटू असली तरी सांगायला हवी. त्या दोन मुलांपैकी एक लॅटिनो होता, दुसरा कृष्णवर्णीय. परक्या डोळ्यांना कोणता चेहरा आधी संशयित वाटतो, हे तेथे राहणाऱ्या आपल्या बांधवांना मी सांगावे असे नाही. मुलाला वाटते, की शेजारी मला ओळखतात. शेजारी ओळखतात, दोन चौकांपलीकडचा माणूस ओळखत नाही.

आता श्रावकाच्या आचाराच्या दृष्टीने पाहू. अणुव्रतांच्या रक्षणासाठी सांगितलेल्या गुणव्रतांत अनर्थदंडविरती येते. निष्प्रयोजन पाप टाळणे, हा तिचा अर्थ. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात तिचे पाच भाग केले आहेत: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. आजी जो आक्षेप घेतात तो हिंसादानाचा. तेथे कुऱ्हाड, तलवार, अग्नी, साखळी यांच्याबरोबर कुदळीचेही नाव आहे, हे पाहण्यासारखे आहे. कुदळ तर शेतकऱ्याच्या घरोघरी असते. म्हणजे रोख वस्तूच्या आकारावर नसून, ती विनाकारण, परिणामाचा विचार न करता दुसऱ्याच्या हाती देण्यावर आहे. टोक झाकलेली रायफल पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती देणारा तो मित्र या व्याख्येत बसतो. कॅलिफोर्नियातही आईवडिलांच्या परवानगीवाचून अल्पवयीनाला असे साधन देणे गुन्हा आहे. तेथील कायदा आणि आपला श्रावकाचार येथे एकाच जागी येऊन पोचतात. मुलाच्या हातून घडू शकेल तो दोष निराळा. उघड्यावर ती रायफल पाहून एखाद्या बाईच्या काळजात धस्स झाले, तर गोळी न सुटताही एका जिवाला पीडा झाली. ती पीडा देण्याची मुलाची इच्छा नसेल. पण बेफिकिरीचे नावच प्रमाद, आणि आपल्याकडे हिंसेची व्याख्या प्रमादापासून सुरू होते.

म्हणून माझे मत असे. नारिंगी टोक आजच्या आज उघडे व्हावे. घोड्याभोवतीची कडी आणि दोन पट्ट्याही नियमाप्रमाणे व्हाव्यात. यावर घरात मतदान नको. तोपर्यंत रायफल कपाटातून बाहेर येऊ नये, मागच्या अंगणातही नाही.

बाकीचा रंग, ती पाने आणि ते चट्टे, राहू द्यावेत. येथे मी मातेशी असहमत आहे. सगळी रायफल पिवळी-निळी केली तर ती अधिक सुरक्षित होईल, यात शंका नाही, आणि केंद्रीय नियमांत संपूर्ण उजळ रंगाची वस्तूही मान्य आहे. पण मुलाने स्वतःच्या पैशाने घेतलेली, त्याला सुंदर वाटणारी वस्तू मोठ्यांनी ओळखू येणार नाही अशी करून टाकली, तर तो दुसरी आणेल आणि या वेळी कपाटात ठेवणार नाही. मित्राच्या गाडीच्या डिकीत ठेवील. आज ती सर्वांना दिसते आहे, तिच्याविषयी घरात भांडण होऊ शकते आहे. हे मला मोलाचे वाटते. एक वर्षाने तोच म्हणाला, की पूर्ण रंग बदलू या, तर अवश्य बदलावा.

वडिलांनाही एक शब्द. मैदानावर सर्वांचीच तशी असते, हे खरे असले तरी मैदान घरापासून सुरू होत नाही. मध्ये गाडी आहे, पेट्रोलपंप आहे, मित्राचे घर आहे. रायफल बंद पिशवीत, बॅटरी आणि मॅगझिन काढून न्यायची आणि पिशवी मैदानाच्या फाटकाच्या आत गेल्यावरच उघडायची, ही शिस्त रंगापेक्षा महत्त्वाची आहे. नारिंगी टोक हे काही अभयदान नव्हे. संध्याकाळच्या उजेडात, पन्नास पावलांवरून, ६ मिलिमीटरची पट्टी दिसेलच असे नाही. शिवाय गुन्हेगार खऱ्या बंदुकीलाही नारिंगी रंग फासू शकतो, हे पोलीस जाणून असतात. आणि कधी पोलिसाने हटकलेच, तर खेळणे दाखवायला हात पुढे करायचा नाही; हातातील सोडून द्यायचे, हात रिकामे आणि दिसतील असे ठेवायचे आणि सांगतील तसे करायचे. बाराव्या-तेराव्या वर्षीच्या मुलाला हे शिकवावे लागते, ही त्या देशाची शोकांतिका आहे. पण तेथे राहायचे तर शिकवावे लागते.

रंगकाम मुलाने स्वतः करावे, वडिलांनी शेजारी बसावे. टोकावर वरून नारिंगी फासण्यापेक्षा झाकणारा रंग काढणे चांगले, कारण खाली मूळचा नारिंगी भाग शाबूत असण्याचा संभव आहे. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन हळूहळू पुसावे. नखपॉलिश काढण्याचे अ‍ॅसिटोन किंवा थिनर वापरू नये. अशा बंदुकांच्या बाह्यांगाला बहुधा वापरतात ते एबीएस प्लॅस्टिक त्याने विरघळते. मूळ रंग गेलेला आढळला, तर बारीक पॉलिश पेपरने पृष्ठभाग किंचित खरखरीत करून, भोवती कागदी चिकटपट्टी लावून, नळीचे तोंड बंद करून झगझगीत नारिंगीचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात आणि पोपडे सुटतात. काम उघड्या हवेत, पण दिव्याखाली नको. ओल्या रंगावर चिलटे येऊन चिकटतात. पट्ट्या सहज निघणार नाहीत अशा असाव्यात, ही कायद्याचीच अपेक्षा आहे.

इंग्लंडमधील वाचकांनी, विशेषतः लेस्टरकडील, कॅलिफोर्नियाचे नियम आपल्याला लावू नयेत. तेथे २००६ च्या कायद्याने खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक विकणे, आयात करणे आणि साध्या नकलीला खरे रूप देणे यांवर बंदी आहे. संघटित खेळातील खेळाडूंना सवलत मिळते. अर्ध्याहून अधिक उजळ रंगाची घेतलेली बंदूक घरी काळी किंवा चट्टेरी रंगवणे, हाच तेथे गुन्हा ठरू शकतो. अठरा वर्षांखालील मुलाला नकली बंदूक विकताही येत नाही.

आजींचा प्रश्न राहिला. त्यांना रायफल आवडावी, अशी अपेक्षा कोणी करू नये आणि त्यांनी तसे दाखवूही नये. ज्यांनी आयुष्यभर पाणी गाळून प्यायले, त्यांच्या घरी हा आकार खुपणारच. परंतु नातवाने त्यांच्याजवळ बसून एकदा सांगावे, की गोळी लागल्यावर कोणाला दिसत नसताना आपण हात वर करतो की नाही. खरे उत्तर द्यावे. आणि आजींनीही त्याला एक प्रश्न जरूर विचारावा, जो या वादात कोणीच विचारलेला नाही: खेळ संपल्यावर त्या सहस्रावधी प्लॅस्टिकच्या गोळ्या गवतात पडून राहतात, त्यांचे काय? मातीत विघटित होणाऱ्या गोळ्या मिळतात, पण त्या विरायलाही बराच काळ लागतो, आणि तोवर पाखरांना त्या दाण्यांसारख्याच दिसतात. खेळाच्या मैदानाचे मालक सफाई करतात का, कोणत्या गोळ्यांना परवानगी देतात, याची चौकशी नातवाने करावी. हिंसेचा हिशेब करायचाच तर बंदुकीच्या आकारापेक्षा या गवतात तो अधिक सापडेल.

आणि उद्या या खेळाची हौस फिटली, किंवा आजींचेच म्हणणे घराला पटले, तर ती रायफल आहे तशी कोणाला विकू नये, फुकटही देऊ नये. टोक, कडी आणि पट्ट्या ठीक असतील आणि घेणाऱ्या मुलाच्या आईवडिलांशी बंधूंनी स्वतः बोलणे केले असेल, तरच ती द्यावी. तसे जमत नसेल तर बॅटरी वेगळी करून तिच्यासाठी असलेल्या संकलनकेंद्रात द्यावी, बाकीचे सुटे करून, नळी आणि दस्ता कापून मगच कचऱ्यात टाकावे. सबंध रायफल कचऱ्याच्या पेटीतून उचलून नेणारे हातही बहुधा लहानच असतात. आपल्या नगरपालिकेचे याविषयी काही वेगळे नियम आहेत का, हे बंधूंनी तेथेच विचारून घ्यावे आणि रंगकाम झाल्यावर जमल्यास आम्हांला कळवावे.